कमरेवरचे पॅड

आई,

दूध तापवून ठेवलंय. मी परगावच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू व्हायला निघालेय. तुझ्या कमरेपायी त्यांना दोनदा नाही म्हणून झालं.

सोमवारपासून तुझ्या करंटच्या मशीनमध्ये बॅटरीच नव्हती. मीच काढली होती. पॅड चिकटवून नुसतं बटण फिरवत होते. तरी तू रोज ओरडायचीस, “अगं, हळू! केवढ्या मुंग्या येतायत! तू गेलीस तर मला कोण बघणार?” आणि उठताना, “आता जरा बरं वाटतंय हो.”

मशीन मी नेतेय. तिथे खरंच दुखणारी माणसं असतात. पॅड फ्रिजवर आहेत. दादा वर्षभर फिरकला नाही, त्याला चिकटवायला बोलाव. तुला तेवढ्यानं आराम पडतो.