गाडी वरून परत येईपर्यंत

बाई,

आज माझा वर्ग घेऊन खालापूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी जाऊन आले. पायातला कॅलिपर अजून सोडलेला नाही, कुबड्या दाराशीच टाकल्यात आणि आधी तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही मनासारखं झालं की पहिल्या तुम्हीच आठवता. आज तर फारच मनासारखं झालं.

याच रस्त्यावर आपल्या भूशास्त्राच्या वर्गाची पहिली सहल आली होती. सगळा वर्ग तुमच्यामागे डोंगर चढून गेला आणि मी बसमध्ये बसून राहिले. विभागप्रमुखांनी तसंच ठरवलं होतं: मुलं दगड आणून देतील, हिने बसूनच चित्रं काढावीत, वही पुरी झाल्याशी कारण. एका मुलीने खरंच चांगला दगड आणून दिला. मी मन लावून त्याचं चित्र काढलं आणि तुम्ही खाली आल्यावर मोठ्या अभिमानाने दाखवलं. तुम्ही विचारलंत, हा कुठल्या थरातला, याच्या वर काय होतं, खाली काय होतं? मला काहीच सांगता येईना. तेव्हा सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "जागेवर असतो तोवर दगड काहीतरी सांगतो. उचलून आणला की तो नुसता दगड. हे चित्र मी तपासणार नाही." मी कर्जत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडले. तुम्ही माझ्यावर रागावला आहात असंच वाटत होतं मला. तुमचा राग त्या ठरवण्यावर होता, हे कळायला पुढचा रविवार यावा लागला.

त्या रविवारी तुम्ही न कळवता आमच्या कर्जतच्या घरी आलात. आई चुलीशी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, हाताला पीठ, आणि तुम्ही सरळ आत येऊन पाटावर बसता. पोरीला डोंगरात न्यायची गोष्ट काढलीत तशी आईने तव्यावरची भाकरी उलटली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "बाई, तिला नाय जमायचं. पडली तर?"

"पडली तर उठेल. बाकीची पोरंही पडतातच की."

आईने तुमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. जेवण झाल्यावर तुम्ही माझ्या जुन्या कुबड्या मागितल्यात. एक गुडघा लुगड्याच्या पट्टीने बांधून घेतलात आणि घरामागच्या वाटेने उल्हास नदीच्या पात्राकडे निघालात. आम्ही दोघी बघतोय, शेजारचे बघताहेत. कातळावर दोन्ही कुबड्या सटकल्या आणि तुम्ही चांगल्या आपटलात. आई धावली. तुम्ही कोपर चोळत मलाच विचारत होतात: पायऱ्या बऱ्या की उतार? सुटी खडी आली की काय करतेस? उभं राहून लिहितेस कशी? इतक्या वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी बोलतच सुटले.

आणि मग तुम्ही अख्ख्या वर्गाची पुढची सहलच बदललीत. नेरळहून माथेरानची छोटी गाडी. वर जाताना मधल्या एका स्टेशनात इंजिन पाणी घ्यायला थांबायचं, तिथे डोंगर कापून रूळ टाकलेले, त्यामुळे कातळ थेट फलाटाला लागून. आपण सगळे तिथेच उतरलो. गाडी वर गेली, आणि ती परत येईपर्यंतचा सगळा वेळ आपला. दोघातिघांची कुरकुर सुरू होती, की डोंगर न चढता हे कसलं फील्डवर्क. तुम्ही त्यांना एवढंच सांगितलंत, की समोरचं वाचून दाखवा, मग खुशाल चढा.

मी कातळापुढे उभी आहे. खाली काळा थर, वर काळा थर, मध्ये लाल मातीचा पट्टा. खालच्या लाव्हावर माती तयार व्हायला किती काळ गेला असेल, आणि मग तिच्यावर दुसरा लाव्हा येऊन पसरला! मी बोट फिरवत गेले. पट्ट्याची खालची माती नखाने निघत होती, वरची कड मडक्यासारखी टणक. "बाई, ही भाजलीय," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. कुरकुर करणारा एकजण म्हणाला, ती मुळातच टणक असेल. मी म्हणाले, मग खालून का नाही? तो जवळ आला, त्याने नख लावून बघितलं, आणि गुपचूप वही उघडली.

दगड फोडायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. तुम्ही माझ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "टेक." मी कुबड्या सोडल्या. सगळा भार तुमच्यावर टाकून हातोडी मारली. कपची उडाली आणि आतल्या पोकळीत पांढरे स्फटिक लखलखले. मी ओरडलेच. पाठीमागे तुम्ही हसत होतात, ते मला पाठीतून कळत होतं.

त्या वर्षी मी पास झाले, पुढे शिकवायला लागले. ते बघायला तुम्ही राहिला नाहीत.

आणि आज! माझ्या वर्गात चाकांच्या खुर्चीवरची एक मुलगी आहे. रस्ता रुंद करताना घाटाखाली नवा कातळ उघडा पडलाय, अगदी डांबराच्या कडेला. महिनाभर मी तिथे जाऊन तिची खुर्ची कुठवर जाईल ते बघत होते. सगळा वर्ग तिथेच थांबला, तीही त्यांच्यातच. तिने थर मोजले, एक चुकवला, माझी बोलणी खाल्ली. दुपारी वैतागून म्हणाली, "मॅडम, किती वेळ तेच दगड बघायचे? भूक लागलीय."

सगळे हसले, मीही. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहून टाकते. तुमच्यासमोर मला कधीच कंटाळायची हिंमत झाली नाही. ती बिनधास्त कंटाळली, आणि मला तिचा थोडा हेवा वाटला.