एक जूनवाला

२८ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळ

नवी वही. पत्रात विचारतो तशी आधी सगळ्यांची तब्येत विचारून घेतली.

मंडळी, म्हणजे सुमनबाई: गुडघा धरलाय, बोलण्यावर परिणाम नाही. मुलगा प्रशील: पित्त. सून शिल्पा: मला काय धाड भरलीय बाबा, म्हणाली. म्हणजे बरी. मी स्वतः: ठणठणीत. शुगर तपासत नाही, त्यामुळे ती वाढत नाही. मोठी बहीण कलाबाई, आमची अक्का, यावलच्या पुढे फैजपूर रस्त्याला राहते. फोन लावला. तिला आता फोनवर ऐकू येत नाही, तिची सून सपना बोलली. म्हणाली, मामा, अक्कांना दम लागतो, तुमचं नाव काढतात. थंडीत दम सगळ्यांनाच लागतो. म्हणजे अक्काही बरी.

संकल्प. फळा एक दिवसही चुकवायचा नाही. मोतीलालच्या चहाटपरीशेजारच्या भिंतीवर मी रिटायर झाल्यापासून रोज दिनविशेष लिहितो. आख्खं पिंप्राळा त्यावर शहाणं होतंय. दुसरा संकल्प, २६ जानेवारीच्या आत अक्काला भेटून यायचं. सकाळी एसटीत बसलं की दुपारच्या भाकरीला तिथं.

आजचा फळा: १९३६, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलंच. सुमनबाई म्हणाली, फैजपूरचं एवढं माहीत आहे तर उठून जा ना तिकडे. तिला इतिहास आणि एसटी यातला फरक कळत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

फळ्यावर दाटी. १८१८, भीमा कोरेगाव. १८४८, पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू. खाली लाल खडूने लिहिलं, मुलगी शिकली प्रगती झाली. दोन शाळकरी पोरी थांबल्या, एकीने फोटो काढला. फळ्याचा की स्वतःचा, ते दिसलं नाही.

दुपारी सपनाचा फोन. दवाखान्यात अक्काचं आधार मागितलं, त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. मामा, आज अक्कांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या, म्हणाली आणि हसली. मी समजावून सांगितलं की ही तारीख खरी नव्हे. ज्यांना जन्माची तारीख ठाऊक नसते त्यांना आधारवाले १ जानेवारी लावतात. खोट्या तारखेला शुभेच्छा देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

माझी १ जून ५१ पण तशीच, गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली. पण ती शाळेच्या दाखल्यावर आहे. फरक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

मोठा शोध. चहा पिता पिता लागला.

आई नेहमी म्हणायची, तू झाला त्या दिवशी घरावर झेंडा लागला होता, वस्तीत गूळ वाटला होता. इतकी वर्षं डोक्यात का आलं नाही? झेंडा आणि गूळ एका दिवशी, म्हणजे २६ जानेवारी १९५०. मी आणि प्रजासत्ताक एकाच दिवशीचे. गुरुजींनी माझ्यावर अन्याय केला, पण त्यांना माफ.

मोतीलालला सांगितलं. तो म्हणाला, नाना, गावात झेंडे शंभर कारणांनी लागतात. चहावाल्यांचं वाचन कमी असतं.

साक्षीदार पाहिजे. आई-बा गेले. राहिली अक्का, ती तेव्हा सात-आठ वर्षांची असणार. सपनाला मेसेज केला, अक्काच्या कानाशी मोठ्याने विचार, झेंडा कधीचा? संध्याकाळी उत्तर आलं. अक्का म्हणते, समोर ये, मंग सांगसू.

म्हणजे तिला माहीत आहे.

२५ जानेवारी, रविवार

आज जायचं ठरलं होतं. पण उद्याचा फळा मोठा. रंगीत खडू भिजवावे लागतात. रद्द.

२६ जानेवारी, सोमवार

फळ्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: १९५०, गुलाबराव यांचा जन्म (?). प्रश्नचिन्ह प्रामाणिकपणासाठी. प्रशीलने ऑफिसच्या झेंडावंदनाला जाताना वाचलं. म्हणाला, बाबा, हे कोण गुलाबराव? स्वतःच्या पोराने.

११ फेब्रुवारी, बुधवार

फळा दिसत नाही. वर फ्लेक्स लागलाय. आमच्या वॉर्डातला होतकरू पुढारी प्रेमराज याचा वाढदिवस. हात जोडलेला प्रेमराज, गॉगलमधला प्रेमराज, मोबाइलवर बोलणारा प्रेमराज, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चिल्ले-पिल्ले. त्याला म्हटलं, भाऊ, इथं इतिहास लिहिला जातो. तो म्हणाला, नाना, फक्त आठ दिवस, मग तुमचा इतिहास तुम्हाला परत.

आठ दिवस मोकळे मिळाले. यावलला जाता आलं असतं. पण फ्लेक्स कधी निघेल याचा नेम नाही, इथं थांबणं गरजेचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'दिनविशेष पिंप्राळा' ग्रुप चालू केला. काही लोक लगेच बाहेर पडले. त्यांच्या मोबाइलमध्ये जागा नसणार.

८ मार्च, रविवार. महिला दिन

फळ्याचा मजकूर लांबलचक, त्यामुळे अक्काकडे मी जाऊ शकलो नाही. सुमनबाई दुखऱ्या गुडघ्याने एकटी गेली, अर्ध्या तिकिटात. संध्याकाळी आली. चपला काढता काढता म्हणाली, वाळून काडी झालीय तुमची बहीण. मी म्हटलं, या वयात वजन कमी असलेलं बरं, डॉक्टरच सांगतात. तिने दुसरी चप्पल जोरात आपटली.

मग म्हणाली, मी आत गेले तर माझ्या मागे दाराकडे बघत होती. पहिला शब्द, तो नही उना का?

विचारलं, झेंड्याचं काही बोलली का. सुमनबाई उठून आत गेली. गुडघ्याचा त्रास.

१२ एप्रिल, रविवार

फळ्यावर लिहिलं, १९६१, माणूस प्रथमच चंद्रावर. शिकवणी घेणाऱ्या एक बाई थांबल्या, म्हणाल्या, काका, चंद्रावर नाही, अंतराळात. चंद्र आणि अंतराळ, दोन्ही वरच. पण पुसून लिहिलं. मन मोठं पाहिजे.

१४ एप्रिल, मंगळवार. भीमजयंती

विहारात सकाळी वंदना, मग मिरवणूक. पोरांनी मला फेटा बांधला. फोटो सपनाला पाठवला, अक्काला दाखव. तिने दाखवला. म्हणे अक्काने मोबाइलवरून बोट फिरवलं, आणि मोबाइल उशीखाली ठेवून घेतला. सपनाला दिवसभर फोन करता आला नाही. मग परत निरोप तोच, समोर ये.

पक्का निर्णय. १ जूनला सरकारी हिशेबाने मला पंचाहत्तर पूर्ण. त्या दिवसापासून एसटी फुकट. मग एकदा कशाला, आठवड्याला जाऊ. अक्काला कंटाळा येईल इतका जाईन. सुमनबाईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे अर्धं तिकीट आड आलं होतं इतके दिवस. पैशाचा प्रश्न नाही, योग जुळून यायचा प्रश्न आहे, पण तो तिला पटत नाही.

१ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी. खीर झाली. अक्काला माझ्या हातची खीर आवडते. डबाही भरला. पण बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटतं. खीर वाटेत नासली असती. आम्हीच संपवली.

२० मे, बुधवार

सकाळी सपनाचा फोन. काल अक्काच्या तोंडाला वारा लागला, उजवी बाजू हलत नाही, बोलणं उमटत नाही. दवाखान्यातून सायंकाळपर्यंत घरी सोडतील म्हणे.

घरी सोडतात म्हणजे धोका टळला. माझ्या ओळखीत अशी बरीच माणसं नंतर खणखणीत बोलू लागली. एक तर भांडूही लागला.

सुमनबाईने पिशवी भरली. मला म्हणाली, चला. मी म्हटलं, तू पुढे हो, एक तारखेला येतोच. ती म्हणाली, हो, फळ्याला कोण बघणार. टोमणा होता की काळजी, ते ती रिक्षात बसेपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी शिल्पाने भाजी वाढली. मीठ नव्हतं. मी उठून मिठाची बरणी आणली.

२९ मे, शुक्रवार

१९५३, एव्हरेस्ट सर. शिल्पा स्कूटी काढताना फळ्यापाशी थांबली. म्हणाली, बाबा, ते वर जाऊन खाली पण आले. तुमचं यावल किती उंचावर आहे?

हसलो. फळ्यावर एव्हरेस्टची उंची मीटरमध्ये लिहून टाकली.

सुमनबाईचा फोन नाही. मी केला तर सपनाने घेतला. म्हणाली, मामी अक्कांना भरवताहेत. मागून काहीतरी आवाज येत होता. विचारलं, कोण? म्हणाली, अक्का. बोलायला बघतात.

३१ मे, रविवार

उद्याची तयारी. आधार कार्ड खिशात. पांढरा शर्ट इस्त्रीचा. अक्कासाठी केळीचे वेफर्स घेतले. मग आठवलं, तिला चावता येत नाही. परत द्यायला गेलो, दुकानदार घेईना. माझ्याकडे राहतील.

अक्काला काय विचारायचं ते पाठ केलं. एकच प्रश्न, सोपा, हो-नाहीत उत्तर येणारा. अक्का, झेंडा तिरंगा होता ना?

१ जून, सोमवार. सकाळ, एसटीत

फळा: १९४८, पुणे ते नगर पहिली एसटी सुटली. आज आपली पण सुटणार.

टपरीवर सगळे एक जूनवाले जमले. गुरुजींच्या कृपेने आमच्या वयाची निम्मी कॉलनी आजच जन्मली. मोतीलालने क्रीमरोल कापला, कारण केक महाग. त्याच्यासकट सगळ्यांनी स्वतःलाच शुभेच्छा दिल्या. प्रेमराज फोटोपुरता येऊन गेला.

एसटीत कंडक्टरने आधार बघितलं, मग मला बघितलं. म्हणाला, आजच पंचाहत्तर? पहिल्याच दिवशी वसूल करताय आजोबा. सगळी गाडी हसली. मला बरं वाटलं.

२ जून, मंगळवार. दुपार. अक्काच्या ओट्यावर

काल पोचल्यावर लिहिणं झालं नाही.

पोचलो तेव्हा अक्का निंबाखाली खाटेवर होती. मी ओळखलीच नाही. दुसरी कोणी पाहुणी म्हातारी असेल म्हणून तिला नमस्कार करून आत निघालो होतो. सुमनबाईने दंड धरून मागे फिरवलं.

कानाशी वाकून म्हटलं, अक्का, गुलाब. तिच्या डोळ्यातून लगेच पाणी. तोंड एकीकडे गेलेलं. मी पाठ केलेला प्रश्न विचारला, झेंड्याचा. तिने घशातून काहीतरी काढलं. कळलं नाही. परत विचारलं. मग तिने डावा हात पुढे करून माझ्या शर्टाचं खालचं टोक धरलं आणि ओढायला लागली. सोडेना. सुमनबाई म्हणाली, उकडतं म्हणते, शर्ट काढा. मी म्हटलं, नाही, झेंड्याची दोरी ओढून दाखवते आहे.

सपना पदराने अक्काचं तोंड पुसत म्हणाली, मामा, त्या परकराचं सांगताहेत.

कोणता परकर?

बाने सावद्याच्या बाजारातून अक्काला लाल परकर आणला होता. तिला शाळेत घालायचं ठरलं होतं म्हणून. तेवढ्यात मी झालो. घरात धडकं फडकं नव्हतं, आईने तो परकर फाडून मला गुंडाळलं. एक तुकडा धुऊन घराच्या बल्लीवर, उंच लाकडी खांबावर, वाळत टाकला. तो पहिला झेंडा. गूळ पोरगा झाला म्हणून. अक्का हे दर दिवाळीला सांगायची म्हणे, सुना-नातवंडांना हसवायला. मग तान्ह्या पोराला सांभाळायला कोणीतरी पाहिजे, म्हणून अक्काची शाळा राहिली.

विचारलं, तारीख? सपना म्हणाली, तारीख त्यांना कधीच माहीत नव्हती. जानेवारीतच मी तुम्हाला लिहिणार होते. अक्कांनीच हात धरला. म्हणाल्या, सांगू नको, मंग तो येवाव नही.

मी म्हटलं, लाल कपडा दुरून झेंड्यासारखाच दिसणार. अक्काने शर्ट धरलेलाच होता. धरूनच झोपली. इस्त्री गेली.

आज मोतीलालचा फोन आला, नाना, फळ्यावर काय लिहू? पोरं विचारताहेत. म्हटलं, कोरा ठेव.

अक्का आता झोपली आहे. उठवून कानाशी ओरडायला नको, म्हणून इथंच लिहितो.

अक्का,

तब्येत कशी आहे? दम कमी आहे का? उजव्या हाताला मुंग्या तरी येतात का? काल तू दोन घास गिळलेस असं सुमनबाई म्हणाली, खरं ना? सुमनबाईचा गुडघा इथल्या ओट्याने बरा आहे असं ती सांगते. प्रशील, शिल्पा बरे. मी बरा. शुगर तपासून घेणार आहे.

एक विचारायचं राहिलं. तुझा जन्म कधीचा? आधारवरची १ जानेवारी मला मान्य नाही. तू झालीस त्या दिवशी काय होतं तेवढं सांग. गावात कोणी आलं होतं का, पूर होता का, बाजार होता का, गूळ वाटला होता का. बाकीचं मी शोधून काढतो. मला यातलं बरंच कळतं. सापडलं की फळ्यावर सगळ्यात वर लिहीन, प्रश्नचिन्ह न टाकता.

तू खुणेने सांग, सपना लिहून घेईल. उत्तर लवकर पाठव. मी ओट्यावरच बसलोय.