आत्याचे किती झाले?

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार
दिवाळी संपली. मेहुणे हृषीकेशराव आज पुण्याला परत. तीन दिवस राहिले. जाताना आरोहीच्या हातावर पाचशेची नोट. देवयानीचं नेहमीचं, अरे नको, कशाला. तो म्हणतो असू दे गं, खाऊला. दारात बहीणभावाची कुस्ती.

गाडी गेल्यावर आरोहीनं विचारलं, मामाचे पाचशे झाले, मग वरच्या वैजयंतीकाकूंनी पन्नासच का दिले? त्या नुसता चहा प्यायल्या म्हणून?

आधी कळलंच नाही. मग कळलं. पोरीला वाटतंय, पाहुणे जाताना देतात ते जेवणाचे पैसे! आणि आई नको नको म्हणते ती भाव कमी करत असते. वय वर्षं आठ. हसून हसून ठसका लागला. तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, शाब्बास, एकदम बरोबर!

खरं काय ते सांगणार होतो, पण मॅच लागली होती. उद्या सांगतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार
पतसंस्थेत सगळ्यांना किस्सा सांगितला. रामहरी म्हणाला, साहेब, वसुलीला तुमच्याऐवजी तिलाच पाठवा की. सगळे हसले. चेअरमनसुद्धा. जरा जास्तच हसले.

माझ्या वसुलीच्या टार्गेटचा विषय इथे नको.

एक मात्र खरं, वसुली रक्तात असावी लागते. पोरीत ती आहे. फक्त योग्य वळण हवं. ठरवलं: दर रविवारी आरोहीचा फायनान्शियल लिटरसीचा क्लास. मीच घेणार. शाळांमधून हे शिकवत नाहीत म्हणून तर देश मागे आहे.

२ नोव्हेंबर, रविवार
पहिला धडा: जगात काहीही फुकट नसतं. लाईट, गॅस, पाणी, सगळ्याला पैसे पडतात. आरोही म्हणाली, हवा? म्हटलं, पंखा लावला की तीसुद्धा नाही. डोळे मोठ्ठे झाले तिचे. मग म्हणाली, आपल्याकडे कोण राहिलं तर त्याचापण खर्च होतो? म्हटलं, होतो तर!

पाहुण्यांबद्दलचा गैरसमज दुसऱ्या धड्यात काढणार. घाई केली तर बेसिक कच्चं राहतं.

९ नोव्हेंबर, रविवार
क्लास रद्द. वळसंगहून अक्का आली. माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून एकटीच असते, गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. उद्या तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शनिवारी तपासणी, तोवर आमच्याकडे. येताना शेंगा आणल्या, आरोहीला हिरव्या बांगड्या आणल्या.

ऑपरेशन कॅम्पमध्ये आहे, त्यामुळे फुकट. हे आरोहीसमोर बोलायला नको होतं. पहिल्या धड्याला तडा जातो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ऑपरेशन छान झालं. अक्का एका डोळ्याला पट्टी लावून सोफ्यावर बसते आणि आरोहीची वेणी घालते. काल संध्याकाळी तिनं आरोहीला शंभर रुपये दिले. आज परत शंभर. मी ओरडलो, अक्का, कशाला गं? तर म्हणाली, असू दे रं नाथा, रीत हाय ती.

केवढी माया! शिवाय हातात पैसा खेळतोय म्हणायचा. खिचडीचं मानधन वाढलेलं दिसतं. बरं वाटलं. तिच्या डोळ्याचे ड्रॉप्स मीच आणणार होतो, पण उगीच तिच्या स्वाभिमानाला धक्का नको म्हणून गेलो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अक्का सकाळी अचानक गेली. शनिवारची तपासणी सोडून. म्हणाली, शाळंत पोरं उपाशी ऱ्हातील. रिक्षा करू का म्हटलं तर नको म्हणाली. पट्टी लावून चालत निघाली स्टँडकडे. चालणं तब्येतीला चांगलं असतं.

संध्याकाळी. देवयानीला आरोहीच्या डब्यात शंभराच्या दोन नोटा सापडल्या, आणि वर दहाच्या काही, चिल्लर. पोरीला समोर बसवलं. तिनं फुशारकीनं सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी ती आत्याला विचारायची, आत्या, आजचे किती देणार? काल आत्यानं कनवटीचं सगळं काढलं आणि म्हणाली, बाई, एवढंच हाय गं. आरोही म्हणाली, चालेल.

चालेल!

आत्यानं विचारलं म्हणे, हे पप्पानं सांगितलंय व्हय तुला? आरोही म्हणाली, हो, पप्पा म्हणाले एकदम बरोबर आहे.

म्हणजे रिक्षा नको म्हणाली ती त्यासाठी.

देवयानी माझ्याशी बोलत नाही. मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण मन लागलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज अक्काला फोन करून माफी मागायची. नक्की.

दुपारी. आज नको. ऑपरेशन ताजं आहे, डोळ्यांना ताण पडेल. फोन कानाला लावतात, असं देवयानी म्हणाली. दोन दिवसांत ती माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

तसा मी अपराधी नाहीच. मी कुठे पैसे मागितले? लहान पोरीचा गैरसमज. पाचवीपासून बारावीपर्यंत मी अक्काकडेच राहून शिकलो, तिच्याच हातचं जेवलो. तेव्हा तिची परिस्थिती काय होती ते मला ठाऊक आहे. मी असं करीन का? लाज वाटते. लाज वाटते म्हणून तर फोन होत नाही. निर्लज्ज असतो तर केव्हाच केला असता.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुसरा धडा. आता टाळायचं नाही.

म्हटलं, आत्याकडून पैसे घ्यायचे नसतात. का? ती आपली आहे. मग मामा आपला नाही? स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटलं. म्हटलं, तसं नव्हे, ते पैसे जेवणाचे नसतातच, मायेचे असतात. आरोहीनं विचार केला आणि म्हणाली, म्हणजे मामाची माया पाचशे आणि आत्याची शंभर?

पाऊण तास असा गेला. घसा सुकला. शेवटी वैतागून म्हटलं, हे बघ, आत्याकडे पैसे नाहीत, म्हणून तिच्याकडून घ्यायचे नाहीत. बास.

लगेच पटलं तिला. असं म्हणालीसुद्धा, आधी सांगायचं की पप्पा! धडा यशस्वी. मुलांना सोपं करून सांगावं लागतं.

३० नोव्हेंबर, रविवार
अक्काला फोन लावला! मीच लावला. देवयानी फक्त समोर उभी होती.

अक्का नेहमीसारखीच बोलली. काय मनात न्हाय रं, लेकरू हाय ते. उजव्या डोळ्याला आठ तारखेला बोलावलंय, सोबत माणूस लागतं, तवा येते. मी सॉरी म्हणणारच होतो, तेवढ्यात तिकडे चुलीवर काहीतरी उतू गेलं. तिनं फोन ठेवला. पण सूर कळला. माफ केलंय. उगीच पंधरा दिवस जिवाला घोर लावून घेतला.

यावेळी तिचा असा पाहुणचार करायचा की बस. ड्रॉप्स मी आणणार, रिक्षा मी करणार. आरोहीच्या डब्यातले तिचे पैसेही परत.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
अक्का आली. स्टँडवर रिक्षा घेऊन जाणार होतो, पण बासुंदीचं दूध आणण्यात वेळ गेला. चालतच आली ती.

दार आरोहीनं उघडलं. आमच्यापैकी कोणी तोंड उघडायच्या आत, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आत्या, तुला आता सगळं फुकट! पप्पा म्हणाले, तुझ्याकडे पैसे नाहीत ना.

वरच्या पायरीवर वैजयंतीकाकू उभ्या होत्या.

मी हसलो. वातावरण हलकं करायला. एकट्यानंच हसलो. अक्कानं आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, शानी हाय पोरगी. मग चप्पल काढली. जेवायला नको म्हणाली, एसटीत मळमळलं म्हणे. एसटीनं होतं तसं.

८ डिसेंबर, सोमवार, दुपार
ऑपरेशन झालं. नेताना रिक्षा, आणताना रिक्षा, ड्रॉप्स मी आणले. एवढं झालं.

घरी आलो. देवयानीनं ताट वाढलं. मसाल्याची वांगी, पोळी, बासुंदी. अक्कानं ताट हळूच बाजूला सरकवलं, चाचपडत पिशवी ओढली आणि फडकं सोडलं. आत कडक भाकऱ्यांची चवड. कागदात शेंगांची चटणी. म्हणाली, पथ्य हाय डॉक्टरचं. डॉक्टरांसमोर मीच उभा होतो. पथ्याचं ते काही बोलले नाहीत.

चार-पाच दिवस सहज पुरतील एवढ्या भाकऱ्या. वळसंगहूनच घेऊन निघालेली. म्हणजे काल दारात आरोही जे बोलली त्याचा इथे काही संबंध नाही. घरून निघतानाच बांधलेल्या आहेत. मग कशाचा संबंध आहे, ते लिहीत बसत नाही.

तिचे पैसे आणून समोर ठेवले. एका उघड्या डोळ्यानं तिनं ते बघितले आणि आरोहीकडे सरकवले. म्हणाली, तिचं हायत ते. भाकरी मोडायला लागली. देवयानी पदर तोंडाला लावून आत गेली. मी म्हटलं, अक्का, असं नको गं करू.

ती म्हणाली, पाणी तेवढं दे, नाथा.

दिलं.