उलटा चार

मी, होनोरा गॅफनी, विधवा, वय ४७, धंदा खानावळ, राहणार पिट्सबर्ग, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी हात धरून हे लिहवून घेत नाही. शाळा तीनच वर्षं झाली. चुका असतील, त्या कुणी सुधारू नयेत.

१. घर भाड्याचं. चूल, सहा खाटा आणि जेवणाचं मोठं टेबल धाकटी बहीण डेलिया हिला. दोन वर्षांपूर्वी तिच्या तान्ह्या मुलीच्या मयतात ती चारचौघांत मला म्हणाली, "तू कशाला एवढी रडतेस गं? मूल माझं होतं." मी विसरलेले नाही. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, तोही तिलाच.

२. लोकरीचा कोट शेजारच्या विनिफ्रेडला. नाहीतरी दर हिवाळ्यात मागून नेतेच.

३. मासिकाचे तीन अंक, गादीखाली आहेत, ते मिस लॉकहार्टना परत द्यावेत. त्या न्यूयॉर्कच्या मासिकात लिहितात. गेल्या वर्षी उन्हाळाभर माझ्याकडे राहायला होत्या. मी तेव्हा सकाळी ब्रॅनिगन डेअरीत बाटल्या धुवायला जायची. दूध नासू नये म्हणून त्यात प्रेतं टिकवायचं औषध घालत. कुठल्या दिवशी किती कॅनमध्ये, ते मी रोज लिहून त्यांना दिलं.

"माझं नाव छापाल तर बघा हं, बाई."

"नाव कुठेच येणार नाही, मावशी. शब्द देते."

नाव नाहीच आलं. पण संपादकाला पुराव्याची हौस. या मासिकांची रीतच आहे, कागदाचा फोटो काढून लेखाच्या मधोमध छापायचा. डेअरीवरच्या लेखाच्या तिसऱ्या हप्त्यात माझं पान जसंच्या तसं छापलं. अक्षर माझं, आकडे माझे. मी चार उलटा काढते, लहानपणापासून. डेअरीचा मुकादम क्रॉस आठ वर्षं माझे बाटल्यांचे आकडे वाचतोय.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात.

"होनोरा, मासिकं वाचतेस काय गं?"

"मला कुठलं वाचता येतंय, साहेब."

"बरंय. वाचूही नकोस."

जाताना त्याने दाराची कडी दोनदा लावून काढून बघितली. तेव्हापासून भरदुपारीसुद्धा दाराला खुर्ची लावून मी बटाटे सोलते. जिना वाजला की सुरी हातातून पडते.

४. आता कंपनी म्हणते, पान खोटं, बाईंनीच लिहिलं. सोमवारी बदनामीचा खटला आहे. हरल्या तर तुरुंग. याच लेखांचं पुस्तक निघणार होतं, प्रकाशकाने त्याची छपाई थांबवली आहे. बाईंच्या वकिलाने मला विचारलं, "हे अक्षर तुमचं का?" मी नाही म्हणाले. बाई समोरच होत्या. म्हणाल्या, "असू दे, मावशी. घाबरलायत तुम्ही." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

५. हे मी मेल्यावर उघडायचं, असं ठरवून वरचं सगळं लिहिलं. पण मी मरायच्या आधी सोमवार येणार. म्हणून पाकीट चिकटवायचं नाही. साक्षीदार शुल्त्स यांनी हा कागद आणि मला, दोघांना कोर्टात न्यावं. मी जिन्यात मागे फिरले तर ओढावं. न्यायाधीशांनी वर माझं वय बघावं आणि मासिकातलं पान शेजारी धरावं.

६. डेलिया, तुझ्या पोरीचं दूध मीच आणत होते, डेअरीतून, स्वस्तात. औषधाचं मला आणताना माहीत नव्हतं, मयताच्या आदल्या दिवशी कळलं. म्हणून रडत होते. ब्रॅनिगनपेक्षा तुझंच भय जास्त आहे. टेबल तुझंच. घेतलंस तर.

साक्षीदार:
अॅडॉल्फ शुल्त्स, खाटीक. (म्हणतो, "बाई, चांगल्या धडधाकट आहात की!" म्हटलं, सही कर आणि गप्प बस.)
विनिफ्रेड टॉली, धोबीण.

सही: होनोरा गॅफनी
पिट्सबर्ग, गुरुवार, १४ ऑक्टोबर १९०९. इथलाही चार उलटा आहे. तो माझाच.