न दिलेलं पाणी

मळा, चिकोडी
७ मे २०२५

ती. अभिनंदनअण्णास,

ब्राह्मीचा जय जिनेंद्र. वहिनींना नमस्कार, साईराजला गालगुच्चा. तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझाच लागत नाही, बाकीच्यांचा लागतो हे ठाऊक आहे. शेजारच्या अक्काताई बेळगावला लेकीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. त्यांच्यादेखत वाच.

इकडे ऊन मी म्हणतंय. शाळेला सुट्टी आहे. दारच्या शेवग्याला यंदा एवढ्या शेंगा लागल्या की वाटून वाटून हात दुखले. आई आहे.

नवल म्हणजे आपल्या विहिरीला पाणी आलंय. होळीपासून ठणठणीत कोरडी होती, आणि ऐन वैशाखात पश्चिमेच्या कपारीतून झरा सुटला. आईनं हात जोडले. मी पडले भूगोलाची मास्तरीण, मला कुठं चैन पडायला! आपल्या परशराम गड्याला घेऊन मी विहिरीपासून चढाच्या अंगानं खड्डे घेत निघाले. कमरेइतकं खोल गेलं की मुरूम लागायचा आणि त्याला ओल असायची. जसजसं वर जावं तसतशी ओल वाढत गेली. शेवटचा खड्डा तुझ्या बांधाला टेकला, त्यात तर पाणीच साचलं. वर तुझं शेततळं. तुझा राखणदार भरमू म्हणाला, त्याची म्हैस पाण्याला उतरली आणि खुरानं प्लास्टिकचा कागद फाटला. तुझं तळं मातीतून झिरपत आमच्या विहिरीत येत होतं.

मला एवढा आनंद झाला की पळतच घरी आले. आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळत बसली होती. मी दारातूनच ओरडले, "आई, पाण्याचा माग लागला! अण्णाच्या तळ्यातनं येतंय!"

तिचा हात थांबला. "त्यानं दिलंय व्हय?"

"त्यात द्यायचं काय गं? जमिनीतनं आपसूक आलंय."

"वाटणीदिवशी पंचांम्होरं काय म्हणालता त्यो? माझ्या रानातला थेंब खाली जाऊ देणार न्हाय. मग ह्ये न दिलेलं झालं."

गाळलेलं पाणी आणि फडक्यात अडकलेल्या बारीक जिवांची जिवाणी, दोन्ही तिनं बादलीतून हळूच विहिरीत परत सोडलं. तेव्हापासून अण्णा, तिनं पाण्याला हात लावलेला नाही.

बोअरचं ती घेत नाही, तुला माहीत आहे. त्यात जिवाणी परत सोडता येत नाही. बस्तीच्या देवळातली विहीर आटली. मी सदलग्याहून नदीचं पाणी आणलं, तर म्हणाली, "आन् जिवाणी परत सोडाय सदलग्याला कोण जाणार, तू?" पंडितांना बोलावलं. ते म्हणाले, गृहस्थानं पाणी आणि माती न विचारता घेतली तरी दोष नाही. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ज्याला कुणी न्हाय म्हटलं न्हाय, त्याला दोष न्हाय. मला पोटच्या पोरानं न्हाय म्हटलंय."

चार घोट दूध जातं, तेही उलटतं. डॉक्टर सलाईन लावायला आले तर हात पदराखाली घेते. आता गावातल्या बायका पाया पडायला येऊ लागल्यात. त्यांना वाटतं, म्हातारीनं मोठं व्रत धरलं. अण्णा, हे व्रत नाही रे, तहान आहे! दुपारी डोळा लागला की ओठ चाटत राहते. काल माझा हात धरून म्हणाली, "मला जगायचं हाय गं. साईराजचं लगीन बघायचं हाय. पर चोरीच्या पाण्यावर न्हाय."

मी गप्प बसले असते तर ती प्यायली असती. मला माग काढायची हौस! तिच्या तोंडचं पाणी मीच काढून घेतलं. परवा खोटंही बोलून पाहिलं, अण्णाचा फोन आलता, दिलं म्हणाला. तिनं हात पुढं केला, "लाव फोन. त्याच्या तोंडनं ऐकते." मी काय लावणार, कपाळ?

विहिरीशेजारी मी तुला बोअर मारू दिली नाही, त्याचा राग तू अजून धरून आहेस. धर. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. भरमू सोमवारी कागद जोडायला माणूस आणणार आहे, त्याला मी अडवणार नाही. मनात आणलं तर कोयत्यानं सगळा कागद फाडून येईन, आणि विहीर काठोकाठ भरेल. पण तुझं 'दिलं' मी कुठून आणू? ते सांगायला ये. येणं होत नसेल तर फोनवर सांग, पण तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांग. आवाज खोल गेलाय तिचा, आणि कानही.

आज सकाळी उठून भिंतीला धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली. गाळायचं फडकं धुऊन वाळवलं आणि रिकाम्या घागरीच्या तोंडावर घालून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "अभिनंदन आला तर वेळ नको मोडाय."

आईच्या उशाशी बसलेली,
तुझी ब्राह्मी

ता. क. तिचा फोन चार्ज करून तिच्या हाताशी ठेवलाय. त्यावरून तुला लावू देत नाही, मागून घेतलेलं दिलेलं नव्हं म्हणते. माझा नंबर तू बंद केलास, तिचा केला नसशील.