नवे उंदीर आणि शिट्टी

३ फेब्रुवारी
आज पुन्हा! उंदरांच्या खोलीत, डोक्यावर कुठेतरी, बारीक शिट्टी. थांबते, परत येते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी कान दिला. "काही नाही गं. झोप काढ जरा."

दादाचं असंच सुरू झालं होतं. भिंतीत शिट्टी वाजते म्हणायचा. आम्ही हसलो. त्याने सांगणं सोडलं. मग शिट्टीची माणसं झाली आणि ती त्याच्याशी बोलू लागली.

४ फेब्रुवारी
दादाला झालेल्या आजारात जनुकाचा जो दोष काहीजणांत सापडतो, तो आमच्या उंदरांत मुद्दाम घातलाय. मोकळ्या खोक्यात सोडायचं आणि बघत बसायचं. निर्धास्त उंदीर मधोमध जातो, भ्यालेला कडेकडेने पळतो. कोणता दोषाचा, कोणता साधा, हे बघणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर डोळे आपल्याला हवं तेच बघतात.

माझ्यात तो दोष आहे का? तपासून घ्यायची छाती होत नाही. आज जिन्यात लक्षात आलं — मी भिंतीला चिकटून उतरतेय. हसू आलं. पण फार वेळ नाही.

६ फेब्रुवारी
आईचा फोन. "दादा ठीक आहे. गोळ्या घेतो, वर मलाच अक्कल शिकवतो. तुझा आवाज का गं असा?" सर्दी म्हटलं.

९ फेब्रुवारी
उंदरांना आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात. म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यातच आहेत! शिट्टी वाजली तशी वळून बघितलं. एकही दचकला नाही. खात होते, मिशा पुसत होते. म्हणजे ऐकते ती मी एकटीच.

१२ फेब्रुवारी
मी पण शहाणीच! ते उंदीर त्याच खोलीत जन्मले, दचकतील कशाला? आज बाहेरून नवे आले. पिंजरा आत नेला, शिट्टी वाजली — सगळे जागच्या जागी गोठले! बाहेर नेला, हलायला लागले. परत आत — गोठले. मी फरशीवर बसून रडले. आवाज आहे! बाईंच्या वयाला इतका बारीक ऐकू येत नसणार, एवढंच. मला काही झालेलं नाही!

बाईंचा चेहरा पडला. आजाराची म्हणून आम्ही जी भीती मोजली, ती जन्मापासून या आवाजात राहिल्याचीच असेल तर? सगळी मेहनत पाण्यात. "आणि तू हसतेस काय?" म्हणाल्या. काय सांगू!

१३ फेब्रुवारी
वायरमनने छतातला दिवा उतरवला. "हा बिघडला की कुणकुणतो." नवा लावला. नवे उंदीर खोक्याच्या मधोमध, मजेत. बाई आता सगळं पहिल्यापासून करणार. मी पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी
शिट्टी अजून येतेय. घरीसुद्धा.

दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो हसला नाही. "सांगितलंस, बरं केलंस," म्हणाला. "मी निघालोय. पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस."