अदलाबदलीची पहिली चिठ्ठी

प्रिय पिटुकले,

अक्षराकडे काणाडोळा कर. पेन जुनं आहे आणि लिहिणारी त्याहून जुनी. तू घर सोडून गेलीस त्याला परवा चौदा महिने झाले. तुझ्याकडून आलं ते एकच कार्ड, एका ओळीचं, गॅसची जोडणी तुझ्या नावावर आहे म्हणून नवा पत्ता कळवणारं. त्यात 'ताई' असंही नव्हतं. तरी ते मी चष्म्याच्या डबीत ठेवलंय, रोज हाताला लागतं. आधी कोणी बोलायचं हे आपल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून राहूनच गेलं.

तक्ता अजून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. आठवतं ना, आई गेल्यावर पहिल्याच महिन्यात भांडी कोणी घासायची यावरून आपण इतक्या भांडलो की मी शिवणाच्या कारखान्यातून कटिंगचा खाकी कागद आणला आणि लांब पट्टीने सात रकाने आखले. वरची ओळ तुझी, खालची माझी. एवढी वर्षं कापड बेतणाऱ्या बाईला आठवडा बेतायला असा काय वेळ लागतो, असं मला वाटलं. त्या दिवसापासून तू मला मुकादमीण म्हणायला लागलीस. तक्ता पेन्सिलने आख, एवढंच तुझं मागणं होतं. मी म्हटलं, पेन्सिलने लिहिलेलं काम खोडरबरच करतं. दर सोमवारी नवा कागद आणि नियम तीन. दुसरीच्या रकान्यात हात घालायचा नाही. जिने काम केलं तिनेच पुढे बरोबरची खूण करायची. आणि काम बदलून हवं असेल तर आदल्या दिवशी चिठ्ठी लिहून दाराच्या खिळ्याला अडकवायची. तू तर चिठ्ठ्यांचा पाऊस पाडायचीस! 'मुकादमीणबाई, उद्या केर आपण काढावा, परवा आपले कपडे मी वाळत घालीन. आपली नम्र कामचुकार.' अकरा वर्षांत माझी मात्र एकही चिठ्ठी नाही. त्याचा मला केवढा तोरा होता.

आता आठवड्याला एकच ओळ पुरेल, पण मी दोन आखते. खिडक्यांच्या काचा हे शनिवारचं काम, तुझं. त्या मी एकदाही पुसलेल्या नाहीत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत असतात ते आता सगळे एकाच रंगाचे दिसतात. शेजारीण म्हणाली, अहो, फडकं नसेल तर मी देते. सुरुवातीला तो माझा हट्टच होता, नाकारत नाही. मग वाटायला लागलं, काचा मी पुसल्या तर या घरात तुझं काही कामच उरणार नाही. कचऱ्याला वास येतो म्हणून तो नेते, पण तुझ्या रकान्यात खूण करत नाही. घर फार गप्प झालंय गं. परवा कामावरून आले तर दिवा चालू होता. मी दारातूनच दम भरला, कोणी ठेवला हा चालू? मीच ठेवला होता.

तो बुधवार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू दवाखान्यातल्या कामावरून दुपारीच आलीस आणि पर्स खांद्यावरून न काढता खुर्चीत बसलीस. मी आले तेव्हा कचऱ्याची बादली भरलेली, दारातच. तुझ्याकडे बघायच्या आधी मी लाल पेन शोधलं आणि तुझ्या चौकटीला गोल केला. तू म्हणालीस, "ताई, या घरात मी बहीण नाही, रकाना आहे." आणि मी काय म्हणाले? "मग रकाना तरी वेळेवर भरत जा." शनिवारी तू बॅग भरलीस. त्यानंतर दहा दिवसांनी माझी दाढ ठणकायला लागली म्हणून तुझ्या दातांच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, दवाखाना बंद केला की, बहिणीने सांगितलं नाही का? एकोणीस वर्षं तू त्यांचं काउंटर सांभाळलंस आणि त्या बुधवारी त्यांनी तुला किल्ल्या परत मागितल्या. दाढ राहिली बाजूला. तेव्हाच लिहायला हवं होतं. लाज वाटली. पुढे पुढे तर उशीर झाल्याचीच लाज वाटायला लागली.

गेल्या महिन्यात मी पलंगाखालची पेटी ओढली. कटिंगचा कागद मी कधी टाकत नाही, तसे अकरा वर्षांचे तक्तेही गुंडाळून ठेवलेत. खरं सांगते, तुझे चुकलेले दिवस शोधून मन जरा हलकं करावं म्हणूनच बसले होते. एकेक गुंडाळी उलगडत गेले आणि माझ्याच ओळीवर अडकले. ओटा पुसणे, जिना झाडणे, पाणी भरणे, सगळी माझी कामं आणि पुढच्या कितीतरी खुणा डावीकडे कललेल्या. या घरात डावखुरी एकच. कारखान्यात गर्दीचे महिने असायचे तेव्हा जेवण झालं की मी खुर्चीतच पेंगायची आणि सकाळी ओटा लख्ख असायचा. मला वाटायचं, काय बाई आहे मी, झोपेतसुद्धा हात चालतो माझा! कापडावरची खडूची रेघ कुठल्या हाताची ते मी लांबून सांगते, आणि दारावरची खूण मला अकरा वर्षं ओळखता आली नाही. तू दर आठवड्याला दोन नियम मोडत होतीस आणि मी तुला लाल गोल दिला तो एका बादलीसाठी. माझं चुकलं, पिटुकले. हे मी तोंडाने म्हणू शकले नसते.

आता अक्षराचं सांगते. पेन चांगलं आहे. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितेय आणि त्याला चार दिवस लागले. उजव्या मनगटातली नस दबलीये, बोटं बधिर होतात, कारखान्यात कात्री दोनदा हातातून सुटली. आपला हात जगन्नाथ म्हणत मिरवणारीचा जगन्नाथच रजेवर गेलाय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑपरेशन आहे, पुढे सहा आठवडे त्या हाताने साधा कपही उचलायचा नाही. इस्पितळाच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, सोबत कोण राहणार. मी तुला न विचारता तुझं नाव लिहून आले, म्हणजे मीही दुसरीच्या रकान्यात हात घातला. पाकिटात दुसरा कागद आहे तो नीट बघ, माझी अदलाबदलीची पहिली चिठ्ठी आहे. ती भांड्यांसाठी नाही, भांड्यांना बाई मिळते. मला भीती वाटते, आणि मला आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर तू बसलेली हवीस. बदल्यात सांगशील ते काम, सांगशील तितके आठवडे. त्या सोमवारचा तक्ता मी पेन्सिलने आखलाय आणि तुझी ओळ कोरी ठेवलीये. तू नाही म्हणालीस तर फॉर्मवरचं नाव खोडून येईन. काचा मात्र पुसणार नाही.

तुझीच,
मुकादमीण